फटफटीचे टायर किती पावसाळे चालतात?



या सदरात आपण नेहमी बियाणे, खते, कीड-रोग, कलमांची निगा अशा गोष्टी बोलतो. आज विषय थोडा निराळा घेतला आहे, पण तो शेतीबाहेरचा मात्र नाही. ज्या फटफटीवरून आपण सकाळी बागेत जातो, दूध घालतो, खताचे पोते आणतो, पोराला परीक्षेला पोहोचवतो आणि रात्रीअपरात्री घरच्या माणसाला दवाखान्यात नेतो, त्या फटफटीच्या टायरांविषयी आज बोलायचे आहे. बैलाच्या पायाला नाल ठोकायची वेळ आपल्या वाडवडिलांना बरोबर कळत असे. चाकाच्या रबराची वेळ मात्र आपल्याला कळत नाही. ती का कळत नाही, हेच आज पाहू.

निमित्त सांगतो. २०२४ सालच्या जून महिन्यात मी आंजर्ल्याला निघालो होतो. दापोली तालुक्यातले समुद्रकाठचे हे गाव, कड्यावरच्या गणपतीमुळे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. हर्णे, पाजपंढरी मागे टाकून जोग नदीच्या खाडीवरच्या पुलावरून गावात जाता येते. पूर्वी ही खाडी होडीने ओलांडावी लागे. आता पूल झाला, घरोघरी दुचाकी आली. त्या दिवशी पावसाच्या पहिल्याच सरी पडून गेल्या होत्या. गावात शिरलो तर एका ओळखीच्या बागायतदारांच्या अंगणात माणसे जमलेली. नवरा-बायको दोघे गाडीवरून येत होते. उतारावरच्या वळणावर समोर गुरू आले, यांनी ब्रेक लावला आणि पुढचे चाक साबणावरून सरकावे तसे सरकले. वेग फारसा नव्हताच. त्यांचे स्वतःचे गुडघे सोलवटण्यावर निभावले, पण मागे बसलेल्या वहिनींचा उजवा हात मनगटात मोडला.

आता लावणीच्या तोंडावर घरातल्या बाईचा उजवा हात गळ्यात बांधला जाणे म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. त्या वर्षी त्यांच्या खाचरात लावणीला माणसे मजुरीने लावावी लागली. वहिनींना पुढे दोन महिने घागर उचलता आली नाही.

गृहस्थ मला परत परत एकच सांगत होते, "साहेब, टायर तर नवाच हाय. नक्षी बघा ना, अजून जशीच्या तशी."

मी वाकून पाहिले. खरोखरच नक्षी खोल होती. गाडी त्यांच्या मुलाची. मुलगा नोकरीला मुंबईत, त्यामुळे कित्येक वर्षे ती पडवीच्या कडेला अर्धी उन्हात, अर्धी सावलीत उभी होती. वर्षाकाठी गणपतीत आणि शिमग्यात काय चालेल तेवढीच. मी टायरच्या बाजूवरचा चिखल फडक्याने पुसला. लांबट चौकटीत चार आकडे कोरलेले होते: २२१६. म्हणजे २०१६ सालच्या बाविसाव्या आठवड्यात, मे महिन्याच्या अखेरीला, तो टायर तयार झाला होता. त्या दिवशी त्याने आठ वर्षे पूर्ण केली होती. नखाने दाबून पाहिले तर रबर मुळीच दबेना, जणू वाळलेले चामडे. बाजूंवर बारीक भेगा होत्या, भात कापल्यावर खाचर भेगाळते तशा.

टायर झिजलेला नव्हता. तो म्हातारा झाला होता.

रबर म्हातारे का होते?

रबर हे मुळात झाडाचे देणे आहे. दक्षिण अमेरिकेतल्या एका झाडाच्या सालीला चीर दिली की पांढरा चीक गळतो, त्यापासून रबर करतात. आपल्या देशात केरळात या झाडाच्या मोठ्या बागा आहेत, आणि आपल्या कोकणातही सिंधुदुर्गातल्या दोडामार्गाकडे ती झाडे पाहायला मिळतात. नुसता वाळवलेला चीक उन्हाळ्यात चिकट होतो आणि थंडीत कडक. चार्ल्स गुडइयर नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १८३९ साली त्यात गंधक मिसळून उष्णता दिली, तेव्हा कुठे टिकाऊ, लवचिक रबर हाती आले. पुढे १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप याने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. हा डनलॉप व्यवसायाने गुरांचा डॉक्टर होता हे पुष्कळांना ठाऊक नसते. मुलाच्या तीनचाकी सायकलचे हादरे कमी व्हावेत म्हणून त्याने ही खटपट केली. आपल्याकडे रबरी चाकांच्या बैलगाडीला लोक 'डनलॉप' म्हणत, ते याच माणसाचे नाव.

आजच्या टायरमध्ये झाडाचे रबर, कारखान्यात केलेले रबर, काजळी, गंधक आणि आत धाग्यांचे थर असतात. काजळीमुळे टायर काळा दिसतो, आणि तीच त्याला बळ देते व उन्हापासून सांभाळते. शिवाय रबरात एक प्रकारचे मेण घातलेले असते. चाक फिरताना रबर दबते, सुटते, आणि त्या हालचालीने हे मेण हळूहळू पृष्ठभागावर येऊन हवेपासून टायरचे रक्षण करते. म्हणून रोज चालणारा टायर स्वतःची निगा थोडीफार स्वतःच राखतो. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचा टायर मात्र कोरडा पडतो. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन वायू त्याला भेगा पाडतात. आतले रबर कडक होत जाते.

कडक रबर कोरड्या रस्त्यावर कसेबसे चालून जाते. ओल्या रस्त्यावर मात्र ते पकड घेत नाही. मऊ रबर रस्त्याच्या खडबडीतपणात शिरून त्याला धरून ठेवते, कडक रबर वरच्यावर घसरते. आंजर्ल्याच्या त्या वळणावर नेमके तेच घडले.

माझ्या वहीतला हिशेब

मी विस्तार अधिकारी. नोंदी ठेवण्याचे खूळ नोकरीनेच लावले. कलमाला कोणत्या तारखेला मोहोर आला हे लिहिता लिहिता मी गाडीचेही लिहू लागलो. २०१८ च्या मृगाआधी मी माझ्या शंभर सीसीच्या गाडीला पुढचा व मागचा असे दोन्ही टायर नवे घातले. त्या जोडीचा सारा जन्म माझ्या वहीत आहे. तो थोडक्यात सांगतो. हा एका गाडीचा आणि एका माणसाच्या फिरतीचा अनुभव आहे. तुमच्या रस्त्यांवर आणि तुमच्या ओझ्याखाली आकडे थोडे इकडेतिकडे होतील.

नवे टायर घातले त्या दिवशी मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन नक्षीची खोली मोजली. मागे सात मिलिमीटर, पुढे पाच. पहिले शे-दीडशे किलोमीटर गाडी जपून चालवली. नवा टायर साच्यातून निघतो तेव्हा त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, आणि साच्यातून सुटावा म्हणून वापरलेल्या द्रव्याचा अंशही त्यावर राहतो. तो निघून जाईपर्यंत नवा टायर जुन्यापेक्षाही घसरतो. नवा टायर घातला म्हणून त्याच संध्याकाळी भर पावसात वेगाने जाणारे फसतात ते यामुळे.

पहिल्या वर्षी गाडी आठ हजार चारशे किलोमीटर चालली. मागचा टायर सातावरून पाचावर आला. पुढचा जेमतेम अर्धा मिलिमीटर झिजला. मागचे चाक गाडी ढकलते, ओझेही तेच जास्त वाहते, म्हणून मागचा टायर आधी जातो. हा नियम सगळ्याच गाड्यांचा.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस, मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. गाडी दोन महिने जवळजवळ उभीच होती. मे महिन्यात बाहेर काढली तेव्हा दोन्ही चाकांतली हवा निम्म्यावर आलेली, आणि टायर जिथे जमिनीला टेकले होते तिथे किंचित चपटे झालेले. चार-पाच दिवस चालवल्यावर तो चपटेपणा गेला. पण बाजूवर केसासारख्या पहिल्या भेगा मला त्याच महिन्यात दिसल्या. तशी नोंद आहे.

त्यानंतर ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. केळशी, आंजर्ले, हर्णे या पट्ट्यातल्या नारळी-पोफळी आणि आंब्याच्या बागा कशा झोपल्या ते तुम्ही वर्तमानपत्रांतून वाचले असेल. आम्ही डोळ्यांनी पाहिले. पंचनाम्यांसाठी रोज फिरती. रस्त्यावर उडालेल्या पत्र्यांचे खिळे, वासे, कौलांचे तुकडे. दीड महिन्यात माझ्या मागच्या चाकाला तीन पंक्चर झाली. तिसऱ्या खेपेला पंक्चरवाल्या भाऊंनी ट्यूब माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "साहेब, आता ठिगळावर ठिगळ लावण्यात अर्थ नाही." नवी ट्यूब घातली. ते बरोबरच बोलले होते. ट्यूबलाही वय असते, आणि ठिगळाच्या कडेने ती पुन्हा फाटते.

२०२१ च्या मे महिन्यात मागचा टायर एकवीस हजार किलोमीटरवर आला. मधोमध नक्षी दीड मिलिमीटर, कडांना तीन. म्हणजे टायर मधेच सपाट झाला होता. त्यामुळे वळणावर गाडी आपसूक कलत नसे, जरा ढकलावी लागे. नक्षी अजून संपली नव्हती, पण समोर पावसाळा होता. मी तो बदलला. हिशेब केला तर साडेपाच मिलिमीटर रबरावर एकवीस हजार किलोमीटर झाले. एका मिलिमीटरला सुमारे तीन हजार आठशे.

नवा टायर घेताना एक गोष्ट घडली. दुकानदाराने कागदात गुंडाळलेला कोराकरकरीत टायर पुढे ठेवला. मी आकडे पाहिले तर तो तीन वर्षांपूर्वीचा निघाला. दुकानदाराला मुद्दाम फसवायचे नव्हते, माल पडून राहिला होता इतकेच. मी ताज्या तारखेचा मागितला, त्याने आतून आणून दिला. किंमत तीच. मागितला नसता, तर तीन वर्षे वाया गेलेले रबर मी नव्याच्या भावाने घरी आणले असते.

आता पुढच्या टायरची गोष्ट. तो तसाच चालू होता. २०२३ च्या उन्हाळ्यापर्यंत तेहतीस हजार किलोमीटर झाले, तरी नक्षी अडीच मिलिमीटर शिल्लक. मला वाटले, अजून दोन वर्षे सहज जाईल. वळवाच्या एका सरीत आमच्या सौभाग्यवती मागे बसल्या होत्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "हल्ली तुम्ही ब्रेक लावलात की गाडी थांबायच्या आधी थोडी पुढे सरकते. पूर्वी असं होत नव्हतं." रोज चालवणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही, कारण बदल रोज थोडा थोडा होतो. कधीमधी मागे बसणाऱ्याच्या ध्यानात येते. दुसऱ्या दिवशी उजेडात नीट पाहिले. पाच वर्षे पूर्ण झाली होती, बाजूच्या भेगा आता नखात अडकत होत्या आणि रबर कडक झाले होते. मृगाआधी तोही बदलला.

म्हणजे एकाच दिवशी घातलेल्या दोन टायरांपैकी मागचा झिजून गेला आणि पुढचा वय होऊन गेला. झीज आपण पाहतो. वय पाहायची सवय आपल्याला नाही. आणि ब्रेक लावताना गाडीचे वजन पुढे झुकते, सगळी मदार पुढच्याच चाकावर येते. ज्या टायरकडे आपण सर्वांत कमी पाहतो, तोच अवघड क्षणी आपल्याला तारतो किंवा पाडतो.

टायर वाचायला शिका

आपण खताच्या पोत्यावरचे आकडे वाचायला शिकलो. नत्र, स्फुरद, पालाश किती ते आता घरातली मुलेसुद्धा सांगतात. टायरवरचे आकडे त्याहून अवघड नाहीत.

पहिले म्हणजे जन्मतारीख. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. १०२३ म्हणजे २०२३ सालचा दहावा आठवडा. पाच वर्षे झाली की टायर दरवर्षी जाणत्या माणसाला दाखवावा. दहा वर्षांपुढे तो कितीही चांगला दिसला तरी वापरू नये, असे टायर बनवणारेही सांगतात. माझे स्वतःचे मत असे की आपल्या कोकणातले ऊन आणि पाऊस पाहता, मागे बायको-मुले बसवणाऱ्या माणसाने इतकी वाट पाहूच नये.

दुसरे म्हणजे मापे. समजा २.७५-१८ असे लिहिले आहे. याचा अर्थ टायर पावणेतीन इंच रुंद आणि रिम अठरा इंचांची. त्यापुढे ४८ पी असे काही असेल तर ४८ हा ओझ्याचा संकेत आहे. तो आकडा म्हणजे किलो नव्हेत. तक्त्याप्रमाणे ४८ म्हणजे १८० किलो. ४२ म्हणजे १५० किलो. पुढचे अक्षर वेगाची मर्यादा दाखवते.

आता हिशेब करा. गाडी ११० किलो, चालवणारा ६५, मागे बसलेले ५५ आणि वर खताचे एक पोते ५० किलो. एकूण २८० झाले. मागे माणूस आणि पोते असले की दोन-तृतीयांशाच्या वर भार मागच्या चाकावर जातो. म्हणजे १८७ किलोहून अधिक. १८० किलोचा टायर ते ओझे घेऊन खड्ड्यात आपटतो, तेव्हा काय होत असेल? आतले धागे एकेक करून तुटतात. बाहेरून काही दिसत नाही. मग एके दिवशी बाजूला फुगा येतो. असा फुगा आलेला टायर त्याच दिवशी काढावा. त्यावरून दापोलीला जाऊन येतो असे म्हणू नये. पोते न्यायचे तर माणूस नको, माणूस न्यायचा तर पोते नको. आंब्याच्या हंगामात क्रेट वाहतानाही हेच लक्षात ठेवा.

तिसरे म्हणजे झिजेची खूण. नक्षीच्या खोबणीत तळाशी जागोजागी रबराचे छोटे उंचवटे ठेवलेले असतात. बाजूवर टी.डब्ल्यू.आय. ही अक्षरे किंवा छोटा त्रिकोण दिसेल, त्याच्या सरळ रेषेत शोधा. उंचवटा आणि वरची नक्षी एका पातळीला आली की टायर संपला. पण मी म्हणतो, पावसाळ्याच्या तोंडावर तितके ताणू नये. नक्षीचे काम पाणी बाहेर काढण्याचे आहे. दापोलीकडे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हे पाणी रस्त्यावरून वाहत असताना टायरखालून ते निघून गेले नाही, तर चाक रस्त्यावर राहत नाही, पाण्यावर तरंगते. गोटा झालेला टायर म्हणूनच वैऱ्यासारखा.

चौथे म्हणजे बाण. पुष्कळ टायरांवर फिरण्याची दिशा बाणाने दाखवलेली असते. पंक्चर काढून परत बसवताना तो उलटा बसला नाही ना, ते उभे राहून पाहा. आणि मागचा अर्धा झिजलेला टायर पुढे घालण्याची काटकसर कुणी करू नये. दोन्हींची नक्षी आणि मापे वेगळ्या कामासाठी केलेली असतात.

हवा म्हणजे निम्मे आयुष्य

टायरला ओझे पेलायला रबर पुरत नाही, हवाच ते पेलते. हवा कमी असली की बाजू जास्त दबतात, तापतात, कडा झिजतात आणि पेट्रोलही जास्त जाते. जास्त भरली तर टायर मधोमध झिजतो आणि गाडी उडते. साधारण शंभर ते सव्वाशे सीसीच्या गाड्यांना पुढे २५ पौंडांच्या आसपास आणि मागे एकटा असल्यास २८ च्या आसपास हवा सांगितलेली असते. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकात आणखी. तुमच्या गाडीचा नेमका आकडा गाडीवरच्या चिठ्ठीवर किंवा पुस्तिकेत असतो, तोच खरा मानावा. हवा सकाळी चाके गार असताना मोजावी. लांबून आल्यावर टायर तापलेला असतो, तेव्हा आकडा जास्त दाखवतो आणि आपण फसतो. टायर धड असला तरी महिन्याला एक-दोन पौंड हवा आपोआप कमी होते. म्हणून पंधरवड्यातून एकदा हवा पाहण्याचा नेम ठेवा. दर एकादशीला म्हटले तर विसरणार नाही.

पावसाळ्यात पकड यावी म्हणून हवा कमी करणारे पुष्कळ आहेत. हा समज चुकीचा आहे. हवा कमी झाली की नक्षीच्या फटी मिटतात आणि पाणी बाहेर निघत नाही. पक्क्या रस्त्यावर पावसातही हवा पुरतीच हवी.

काही साध्या गोष्टी

आपल्या समुद्रकाठच्या गावांत खाऱ्या हवेने रिमला गंज चढतो. तो ट्यूबला कुरतडतो, आणि बिनट्यूबच्या टायरमध्ये रिम आणि टायरच्या सांध्यातून हवा सोडतो. वाळूत, खाऱ्या पाण्यात गाडी गेली तर घरी येऊन गोड्या पाण्याने चाके धुवावी.

गाडी डिझेलने धुण्याची खोड सोडा. डिझेल, रॉकेल, ग्रीस यांनी रबर फुगते आणि सडते. टायर चकाकावे म्हणून तेलाचा हात फिरवणारेही पाहिले आहेत. दिवाळीत दिसायला छान, पण नक्षीवर तेल म्हणजे पायात शेवाळ. साबणाचे पाणी आणि फडके पुरे.

गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर ती सावलीत, मुख्य स्टँडवर ठेवा, हवा पूर्ण भरा, आणि पंधरा दिवसांनी चाक थोडे फिरवा. मुंबईकर मुलांच्या गाड्या ज्यांच्या पडव्यांत आहेत, त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. आणि गणपतीला चाकरमानी आले की किल्ली हातात देण्याआधी टायरची तारीख दाखवा.

पहिल्या पावसाला सर्वांत जास्त जपा. वर्षभर रस्त्यावर साठलेले तेल आणि धूळ पहिल्या सरींत वर येते, तेव्हा नवा टायरही घसरतो. त्यातून आपल्याकडे जांभ्याची तांबडी माती वाहून रस्त्यावर येते, झाडाखाली पाला कुजतो, सावलीतल्या उतारावर शेवाळ धरते. तिथे ब्रेक हळू, दोन्ही एकत्र आणि वळणाच्या आधी लावावा, वळणात लावू नये.

काढलेला टायर अंगणात टाकून ठेवू नका. त्यात पाणी साठते आणि डेंग्यूचे डास वाढतात. होळीत तर मुळीच टाकू नका, त्याचा धूर विषारी असतो. हर्णे बंदरात होड्यांच्या कडेला जुने टायर टांगलेले दिसतात, तसा उपयोग करणारा कुणी असेल तर त्याला द्या, नाही तर भंगारवाल्याला द्या. घरीच वापरायचा तर खाली भोके पाडा.

शेवटी एक सांगतो. आंजर्ल्याचे ते बागायतदार गरीब नव्हते, आळशी तर नव्हतेच. बागेवरचा फवारा त्यांनी कधी एक दिवस चुकवला नाही. कलमाच्या एका फवारणीला जो खर्च येतो, त्यात पुढचा टायर आला असता. त्यांनी पैसा वाचवला असेही नाही. त्या टायरला काही झाले आहे, हेच त्यांना ठाऊक नव्हते, आणि ते ठाऊक करून देणे माझ्यासारख्याचे काम होते. मी त्यांच्या अंगणात वर्षानुवर्षे जात होतो, चहा घेत होतो, आणि गाडीला टेकून तुडतुड्यांविषयी बोलत होतो. टायरकडे मी कधी पाहिले नाही. म्हणून आजचा हा प्रपंच.

वहिनींचा हात आता बरा आहे. भाकरी थापताना मात्र पावसाळ्यात मनगट ठणकते, असे त्यांनी मला परवा सांगितले. गाडीला दोन्ही टायर नवे आहेत. त्यांची तारीख वहिनींनी घरातल्या दिनदर्शिकेवर स्वतःच्या हाताने लिहून ठेवली आहे. ही युक्ती मला फार आवडली. तुम्हीही करा. यंदा मृग लागण्याआधी एक ओले फडके घ्या, दोन्ही टायरच्या बाजू पुसा, चार आकडे वाचा आणि दिनदर्शिकेवर लिहा. वाचता येत नसेल तर शाळेतल्या मुलाला हाक मारा. पाच मिनिटांचे काम आहे.

पुढील अंकी भाताच्या रोपवाटिकेविषयी बोलू. तोवर रजा घेतो.